दिवसातले किती तास झोपून

प्रश्न बाबांना विचारला होता. उत्तर मी दिलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलातली ती आमची पहिली भेट. डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच. फाइल उघडून त्यांनी बाबांना विचारलं, "काका, दिवसातले किती तास झोपून असता? रात्रीची झोप सोडून सांगा." बाबा तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणाले, "छे हो डॉक्टर, दिवसा झोपतच नाहीत. स्वतःचं सगळं स्वतः करतात. भाजी आणतात, दोन जिने चढतात." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गप्प राहिले. डॉक्टरबाईंनी कागदावर एक आकडा लिहिला. मला तो उलटा दिसत होता, पण मुलांच्या वह्या समोरून उलट्या वाचायची मला सवय आहे. चांगला आकडा होता. मी मनातल्या मनात पास झाले.

खरी परिस्थिती अशी होती, की बाबा दुपारी जेवून आडवे झाले की दिवेलागणीपर्यंत उठत नसत. सकाळी अंघोळ झाली तरी अर्धा तास पडून राहावं लागायचं. भाजी आणून त्यांना दोन महिने झाले होते. आंबिवलीचं आई-बाबांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. त्या दिवशी हॉस्पिटलला निघताना जिना उतरायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली होती, आणि मधल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी न विचारताच बाबांसाठी स्टूल आणून ठेवलं होतं.

मी असं का बोलले, हे सांगायचं तर माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी डोंबिवलीत दहावीचे क्लास घेते. लेखी परीक्षेची तयारी सगळेच करून घेतात. माझं नाव आहे ते तोंडी परीक्षेसाठी. परीक्षकासमोर चाचरायचं नाही. येत नसलं तरी गप्प बसायचं नाही. जे येतं तेच पुढे करायचं, येत नाही त्याचा विषयच निघू द्यायचा नाही. मुलं म्हणतात, टीचर मुक्यालाही तोंडीत पास करतील. मला या कौतुकाचा गर्व होता, आहे म्हटलं तरी चालेल. प्रश्न विचारणारा माणूस समोर बसला की तो मार्क द्यायला बसलाय, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की डॉक्टर वेगळ्या कारणासाठी प्रश्न विचारत असतील हे मला सुचलंच नाही.

गाठ पहिल्यांदा आईला दिसली. बाबा दाढी करत होते आणि आईने विचारलं, "मानेला काय झालंय हो? सुपारीएवढं काय आहे ते?" बाबा म्हणाले, दाढ ठणकत असेल. ते एप्रिलचे दिवस होते. त्याआधी दोन-तीन महिने बाबा बारीक होत चालले होते, आणि आम्ही काय केलं तर त्यांचं कौतुक केलं. विहारात पौर्णिमेला भेटणारी माणसं म्हणायची, "काय, व्यायाम चालू केलात वाटतं? तब्येत कशी छान उतरवली!" घामाचंही तेच. रात्री त्यांची दोन-दोन बनियनं भिजायची, आई सकाळी ती बादलीत टाकताना कुरकुरायची. पण आंबिवलीत एप्रिलमध्ये घाम येत नाही असा माणूस दाखवा. उन्हाळा आहे म्हणून घाम, जेवण कमी आहे म्हणून वजन, दाढ आहे म्हणून गाठ. एकेका गोष्टीला आमच्याकडे एकेक कारण तयार होतं.

आंबिवलीतल्या नेहमीच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगितला तेव्हा आई अडून बसली. गाठीला सुरी लावली की ती अंगभर पसरते, असं तिला शेजारच्या मावशींनी सांगितलं होतं आणि मावशींच्या दिराचं तसंच झालं होतं. मी आईला हसले. म्हणाले, "आई, आधीच पसरलेलं होतं म्हणून सुरी लावली असेल ना?" पण हसले तरी तपासणीची तारीख काही मी घेतली नाही. माझी सुट्टीतली बॅच सुरू झाली होती. "जूनमध्ये बघू" हे वाक्य माझं आहे, आईचं नाही. मध्ये सात आठवडे गेले. अडाणीपणाचं बिल आपण नेहमी दुसऱ्याच्या नावावर फाडतो.

रिपोर्ट आला तेव्हा पाकीट बाबांनीच फोडलं. त्यांच्यापासून काही लपवायचा प्रश्नच आला नाही, कारण आकडे असलेला कुठलाही कागद त्या माणसाने आधी स्वतः वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात दिलेला मला आठवत नाही. लिम्फोमा. आईने विचारलं, "म्हणजे कॅन्सरच ना?" बाबा म्हणाले, "हो. पण औषध आहे, असं खाली लिहिलंय." तसं काही लिहिलेलं नव्हतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात बाबा स्वतःहून एवढंच एक खोटं बोलले.

मी मात्र अभ्यासाला बसले. फोनवर जे सापडेल ते वाचलं, आणि मला हवी तशी एक यादी सापडली. या आजारात माणसाचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधताना डॉक्टर पाच गोष्टी बघतात: वय साठच्या वर आहे का, आजार शरीरात किती दूरवर गेलाय, रक्तातली एक विशिष्ट तपासणी वाढलेली आहे का, ग्रंथींच्या बाहेर किती ठिकाणी तो पोचलाय, आणि माणूस स्वतःच्या पायांवर किती उभा आहे. प्रत्येक वाईट उत्तराला एक गुण, आणि गुण जितके जास्त तितकं वाईट. पाच प्रश्नांचा पेपर! माझ्या अंगात एकदम बळ आलं. यातले तीन प्रश्न मशीन आणि रक्त सोडवणार होते, तिथे कोणाची मात्रा चालणार नव्हती. उरलेले दोन तोंडी होते.

वयाचं तर आमच्याकडे आयतंच होतं. बाबांना मुरबाडकडच्या गावात शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी सगळ्या वर्गाचा लावला तसा त्यांचाही वाढदिवस एक जून लावला आणि साल अंदाजाने टाकलं. आजी सांगायची की गावची विहीर ढासळली त्या पावसाळ्यात ते जन्मले, म्हणजे कागदापेक्षा तीन वर्षं आधी. आधार कार्डावर एकोणसाठ, खरे बासष्ट. एकोणसाठ म्हणजे गुण नाही. मी आईला बजावलं, "खरं वय बोलायचं नाही हं." आई म्हणाली, "तीन वर्षांनी काय होतंय गं?" मी म्हणाले, "तुला कळणार नाही."

पाचव्या प्रश्नाची तयारी मी पहिल्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी करून घेतली. आंबिवलीला गेले, नेहमीप्रमाणे तसबिरीसमोर मेणबत्ती लावून आम्ही तिघांनी वंदना घेतली, पंचशील म्हटलं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते म्हणून पाच मिनिटं झाली नसतील, मी बाबांसमोर खुर्ची ओढून बसले आणि परीक्षकाचा आवाज काढून विचारलं, "काका, दिवसा किती वेळ पडून असता?"

"पाच तास," बाबा म्हणाले. "परवा सहा."

"असं नाही सांगायचं, बाबा."

"मग कसं सांगायचं?"

"दिवसा झोपत नाही, म्हणायचं. कधीतरी अर्धा तास."

बाबा म्हणाले, "आपल्याला पाहिजे तेच उत्तर द्यायचं, तर ते विचारतात कशाला?"

उत्तर नसलं की मी चिडते. म्हणाले, "तुम्ही गप्पच बसा. मी बोलेन."

बाबांनी डोंबिवलीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात सगळी नोकरी काढली. वाफ किती, पाणी किती, हे तासातासाला जाऊन बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं, हे त्यांचं काम. वेळ, प्रेशर, पाण्याची पातळी, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. पाळी संपली की खाली सही. लॉगबुकात सगळ्या तासांचे आकडे आधीच भरून मोकळे होणारे बहाद्दर सगळीकडे असतात. बाबा घड्याळ लावून उठायचे. एकदा काचेच्या नळीत पाणी नको इतकं खाली दिसलं. त्यांनी तसंच लिहिलं आणि बॉयलर बंद केला. अर्ध्या दिवसाचं काम बसलं. वरचे साहेब तणतणत आले, "लिहायची काय गरज होती?" बाबा म्हणाले, "नसतं लिहिलं तर पाणी वाढलं असतं का, साहेब?" हा किस्सा मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता, की त्याचा अर्थ लावायचं राहूनच गेलं होतं.

तर अशा माणसासमोर बसून मी खोटं रीडिंग दिलं, आणि पहिलं औषध त्या रीडिंगप्रमाणे चढलं.

चार दिवस बरे गेले. मी सगळ्यांना सांगत सुटले, काही त्रास नाही, मजेत आहेत. नवव्या दिवशी दुपारी माझा क्लास चालू असताना आईचा फोन आला. "थर्मामीटर शंभराच्या वर गेलाय. त्या सिस्टरनी काय सांगितलेलं?" सिस्टरनी सांगितलं होतं की शंभराच्या वर गेला तर घरगुती काही करत बसू नका, सरळ निघा. मी मुलांना घरी पाठवलं. मी पोचेपर्यंत शेजारच्या दोघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून दोन मजले खाली आणलं होतं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि दात वाजत होते. गाडीत आई त्यांच्या अंगावर शाल घालत होती आणि ते ती काढत होते. दुर्गाडीच्या पुलावर गाडी अडकली, पुढे भिवंडी बायपासला कंटेनरच्या रांगा. मी मागे वळून बाबांकडे बघितलं नाही. माझी हिंमत नव्हती.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. त्या उतरणारच होत्या, औषधाचा तो गुणच आहे. पण इतक्या खाली आणि इतके दिवस नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"ताई, एक विचारते. घरी काका खरंच चालते-फिरते होते?"

वीस वर्षं मुलांना शिकवलेलं सगळं त्या एका क्षणात माझ्या कामी येऊ शकलं असतं. मी चाचरले. मग सगळं सांगितलं. पाच तास, सहा तास, जिन्यातलं स्टूल. सांगायला लागल्यावर वयही सांगून टाकलं.

"वयपण?" त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं क्षणभर त्यांना हसू येत होतं. "ताई, गाठ काही आधार कार्ड बघून वाढत नाही."

मग त्या समजावून बोलल्या, एखाद्या मंद विद्यार्थ्याला समजवावं तसं, पण मायेने. "मी विचारलं ते मार्क द्यायला नाही विचारलं. माप घ्यायला विचारलं. एवढा अशक्त माणूस असेल तर मी आधी आठवडाभर नुसत्या गोळ्या देते, अंगात थोडी ताकद येऊ देते. पहिला डोस हात राखून देते. पेशी वाढवायचं इंजेक्शन दुसऱ्याच दिवशी देते. तुम्ही मला धडधाकट माणसाचं माप दिलंत."

"तसं केलं असतं तर हे झालं नसतं?"

"सांगता येत नाही. कदाचित झालंही असतं."

त्या 'कदाचित'वर मी अजून जगते आहे. त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते.

मी आणखी एक विचारलं. त्या पाच गुणांवरून बाबांचं काय होईल ते कळतं का? त्या म्हणाल्या, "काकांसारख्या खूप जणांचं मिळून काय होतं, तेवढं कळतं. काकांचं कळत नाही. पण कुठे जपून पाय टाकायचा, ते कळतं." मग फाइल उघडून त्यांनी दोन आकडे खोडले, नवे लिहिले आणि शेजारी आपली सही केली. तीन गुणांचे आता पाच झाले होते. आजार तेवढाच होता.

त्याच वॉर्डात दिव्याहून येणाऱ्या एक बाई होत्या. आजार बाबांचाच, वय बरंच कमी, आजार पसरलेलाही कमी. त्या पेपरात त्यांचे गुण बाबांपेक्षा कितीतरी चांगले निघाले असते. पण त्यांना ताप आला तेव्हा घरी कोणी नव्हतं, आणि बिल्डिंगला पाणी नव्हतं म्हणून टँकरच्या रांगेत उभ्या राहून मग त्या दुसऱ्या दिवशी आल्या होत्या. घरात थर्मामीटर आहे का, तो बघणारं माणूस आहे का, खुर्ची उचलणारे शेजारी आहेत का, हे कुठल्याच यादीत मी वाचलं नव्हतं. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या कॉटवर दुसरं कोणी होतं. मी सिस्टरना काही विचारलं नाही.

बाबा शुद्धीवर होते, पण बोलत कमी होते. ताप उतरला त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "बाबा, माझं चुकलं." ते म्हणाले, "घरी माझ्या गादीखाली वही आहे. घेऊन ये."

फुलस्केप वही होती. पेन्सिलीने उभ्या रेघा मारलेल्या. तारीख, वेळ, ताप, वजन, दिवसातले किती तास झोपून, शेरा. गाठ सापडली त्या दिवसापासून एक दिवस रिकामा नव्हता. रोजच्या पानाखाली सही. घाम येऊन किती बनियनं भिजली तेही होतं. आम्ही ज्याला उन्हाळा म्हणत होतो, ते सगळं त्यात तारखेवार लिहिलेलं होतं. डॉक्टरांना हवं होतं ते सगळं गादीखाली होतं, आणि मी त्यांना गप्प बसा म्हणाले होते.

हॉस्पिटलच्या पहिल्या भेटीचं पान मी काढलं. बाबांच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'झोपून तास. मुलीने सांगितले, शून्य. प्रत्यक्ष, पाच.' आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'पोर घाबरली आहे.' खाली सही नव्हती. अख्ख्या वहीत तेवढंच एक पान बिनसहीचं होतं.

मला रडू आलं आणि रागही आला. "मग तिथे बोलला का नाहीत?"

बाबा म्हणाले, "तुला बाईंसमोर खोटं पाडवेना. चूक माझी आहे. रीडिंग माझं होतं." मग म्हणाले, "आता सांगितलंस ना त्यांना?"

"हो."

"मग पेन दे."

सलाइन लावलेला हात जपत त्यांनी त्या पानाखाली सही केली.

त्यानंतर दर भेटीला वही आमच्याबरोबर ठाण्याला जायची. डॉक्टरबाई आधी वही मागायच्या, मग बाबांची नाडी. डोस हात राखून सुरू केला आणि पुढे हळूहळू वाढवला. उपचार ठरल्या तारखांना पूर्ण होणं हीदेखील मोठी गोष्ट असते, असं त्या म्हणायच्या. एक तारीख सोडली तर सगळ्या पाळल्या गेल्या. मी आता फक्त गाडी ठरवायची, रांगेत उभी राहायची आणि तोंड बंद ठेवायची. ते मला किती जड गेलं हे माझ्या नवऱ्याला विचारा. शेवटच्या स्कॅनमध्ये आजार कुठे दिसला नाही. त्या आठवड्यात एका सकाळी बाबा एकटेच खाली गेले आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन, दोन जिने चढून वर आले. धापा टाकत मला फोन केला, "आता सांग बाईंना, भाजी आणतात म्हणून."

आठ महिने बरे गेले. मग काखेत गाठ आली. या वेळी कोणी दाढेचं नाव काढलं नाही, कोणी सुरीला हरकत घेतली नाही, आणि मी एक दिवसही थांबले नाही. आम्ही सगळं वेळेत केलं. ते पुरेसं नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मला आणि आईला बसवून सांगितलं. वर्षाच्या आत परत येणारा हा आजार हट्टी असतो. त्यावर जे जबर औषध आहे, ते बाबांचं शरीर आता पेलणार नाही. सौम्य औषधं देता येतील. त्याने त्रास कमी होईल, काही महिने मिळतील, पण आजार जाणार नाही. बाबा बाहेर वजन करायला गेले होते. परत येताना गाडीत आईने माझा हात घट्ट धरला आणि पुढे बसलेल्या बाबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "त्यांना नको सांगू. खचतील. बरं होईल असं सांग." त्या वेळी आईचा चेहरा नेमका माझ्यासारखा दिसत होता, पहिल्या भेटीतल्या.

घरी आल्यावर आई चहा करायला आत गेली. बाबा खिडकीजवळ वही उघडून बसले. वजनाचा आकडा लिहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "मी बाहेर असताना बाई काय म्हणाल्या?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आई ऐकत होती.

मला काय वाटत होतं ते सरळ सांगते. मला खोटं बोलायचं होतं. ठाम आवाजात, न चाचरता. मला ते उत्तम जमतं. आणि हेही ठाऊक होतं, की मी खोटं बोलले तर बाबा या वेळीही मला खोटं पाडणार नाहीत. घड्याळाकडे बघतील आणि गप्प बसतील.

मी सांगितलं. हट्टी, म्हणाले. जाणार नाही, म्हणाले. काही महिने, म्हणाले. चाचरत सांगितलं. दोनदा थांबले. मुलांनी असं उत्तर दिलं असतं तर मी त्यांना परत बसवलं असतं. ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आणि लिहायला लागले. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती मला काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

महिने मिळाले, पण डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या त्याहून कमी. झोपून तासांच्या रकान्यात सहा होते, मग नऊ, मग चौदा. बाबांचं अक्षर आधी वाकडं झालं आणि मग ओळ सोडून उतरायला लागलं. एका दुपारी त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. "तू लिही. मी सांगतो." मी क्लास आईच्या घरून फोनवर घ्यायला लागले होते, तोही नावापुरता.

तो दिवस रविवार होता. खाली कोणाकडे तरी साखरपुडा होता, मांडव घालत होते. बाबांनी तारीख सांगितली, ताप सांगितला. वजन करण्यासारखी परिस्थिती नव्हती, तिथे रेघ मारायला सांगितली. पुढचा रकाना आला. त्यांचे डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली.

"बाबा, दिवसातले किती तास झोपून?" मी विचारलं.

"तू बघतेस ना," ते म्हणाले. "तूच लिही. बघून लिही."

रात्र वेगळी काढण्यात आता अर्थ नव्हता. मी 'चोवीस' लिहिलं.

"शेरा?" मी विचारलं. सांगायला ते नाही म्हणाले. तोही मीच लिहायचा होता. मी लिहिलं, 'मुलगी घाबरली आहे. रीडिंग बरोबर आहे.'

"वाच."

मी वाचलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मान किंचित हलवली, आणि सहीसाठी हात पुढे केला.